शेवटची दीड पानं

घड्याळजींच्या तेवीस कादंबऱ्यांमध्ये तेवीस यंत्रं माणसांवर उलटली होती आणि तेवीसच्या तेवीस यंत्रांचा शेवटी निकाल लागला होता. कुठल्या यंत्राचा कसा, ते आत्याला तोंडपाठ होतं. त्या सगळ्यांची प्रुफं तिनंच वाचली होती.

वाचकांना वाटायचं, घड्याळजी फार खोल विचाराचा माणूस. कधी यंत्राला मारतात, कधी तारतात, कधी आकाशात धाडतात! आत्याला खरं कारण माहीत होतं. तिच्या थोरल्या भावाच्या, दादाच्या छापखान्यात पुस्तक व्हायचं सहा फर्म्यांचं, एका फर्म्यात सोळा पानं, म्हणजे एकंदर शहाण्णव. सत्त्याण्णवावं पान म्हणून काही नसायचंच. घड्याळजी होते हाडाचे घड्याळदुरुस्तीवाले. त्यांचं यंत्र तयार व्हायलाच साठ पानं लागायची. एकेक चाक, एकेक स्क्रू. मग ते बिघडायचं, माणसांवर धावून जायचं आणि बघता बघता कागद संपत यायचा. एकच पान उरलं असेल, तर कुणीतरी वायर उपटायचं. तीन उरली असतील, तर बादलीभर पाणी ओतायचं. पाच असली, तर नायक यंत्राला असं कोडं घालायचा की विचार करून करून त्याच्या डोक्यातून धूर निघायचा. आठ पानं हाताशी असली, की यंत्र नायकाच्या बहिणीच्या प्रेमात पडून स्वतःचा बळी द्यायचं. एकदा चुकून बारा पानं उरली. तेव्हा ते रॉकेटमध्ये बसून ताऱ्यांकडे निघून गेलं, आणि त्यातली चार पानं नुसत्या रॉकेटच्या वर्णनाची होती.

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांचे खण गेले, ते अवजड मशीन गेलं, आणि छापखाना दोन खोल्यांत आला. आता तो दादाचा मुलगा चालवायचा. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, पण आत्यासमोर अजून नाक पुसायला रुमाल शोधणारा. आत्याला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं, तरी ती रोज दहा वाजता येऊन आपल्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची. घरी बसून काय भिंती मोजायच्या?

भाच्यानं त्या वर्षी दोन गोष्टी ठरवल्या. एक, घड्याळजींच्या सगळ्या कादंबऱ्या नव्यानं काढायच्या. दोन, प्रुफं वाचायला यंत्र आणायचं. त्याचं नाव त्यानं ठेवलं ‘शहाणे’. टेबलावर एक पडदा आणि एक बोलकी डबी, एवढंच त्याचं रूप. भाचा ‘आत्या’ म्हणायचा, म्हणून तेही आत्याच म्हणू लागलं.

“मी तुला कुठून आत्या झाले रे?” पहिल्याच दिवशी तिनं विचारलं.

“दुसरं काही म्हणू का?”

“नको. बाई म्हणालास तर घड्याळजी आल्यासारखं वाटेल. आत्याच म्हण.”

तर असं ते नातं जुळलं. शहाणेचं वाचन चोख होतं, हे तिला नाइलाजानं कबूल करावं लागलं. पण तीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. दिवसाकाठी त्याची एखादी तरी चूक ती पकडायचीच, आणि पकडली की भाच्याला हाक मारून दाखवायची.

मंगळवारी दुपारी ते दोघं तेविसाव्या, म्हणजे शेवटच्या कादंबरीपाशी पोचले. ‘टाकीखालचा राजा’. एका शहराचं पाणी सोडणारं यंत्र एक दिवस पाणी सोडायचं थांबतं. शहर तहानेनं कासावीस होतं. नळवाल्याची मुलगी पाना घेऊन टाकीखाली एकशे चाळीस पायऱ्या उतरते, यंत्राची वायर उपटते, राजा विझतो, शहराला पाणी मिळतं. समाप्त.

“आत्या,” शहाणे म्हणाला, “शेवटच्या दीड पानाबद्दल एक शंका आहे.”

आत्यानं चष्मा काढला. “कसली?”

“पान एक्क्याऐंशीवर लिहिलंय, की वायर दगडी भिंतीत चिणलेली आहे. पान पंच्याण्णववर मुलगी ती हातानं उपटते.”

“लेखकाची नजरचूक.”

“घड्याळजींची अशी चूक आधीच्या बावीस पुस्तकांत एकदाही झालेली नाही. शिवाय ‘आणि सगळ्यांना हायसं वाटलं’ असं वाक्य ते कधीच लिहीत नाहीत. त्यांच्या पुस्तकांत सगळ्यांना एकदम काहीच वाटत नाही. ही दीड पानं दुसऱ्या कुणाच्या हातची वाटतात. अहवालात तशी नोंद करतोय.”

आत्यानं घाईनं चष्मा पुन्हा चढवला. ती दीड पानं तिनंच लिहिली होती.

चाळीस वर्षं झाली त्या गोष्टीला. घड्याळजी लिहायचे ते छापखान्यातल्या जुन्या, कामातून गेलेल्या प्रुफांच्या कोऱ्या पाठीवर. दादाच त्यांना गठ्ठे बांधून द्यायचा. आणि त्यांची एक खोड होती. घड्याळ उघडलं की तबकडीवर धूळ बसू नये म्हणून ती पालथी ठेवायची, हा त्यांच्या धंद्याचा शिरस्ता. मग लिहिलेला कागदही ते पालथाच ठेवायचे. त्या दिवशी आत्या जेवायला गेली असताना ते आले, शेवटचं प्रकरण तिच्या टेबलावर पालथं ठेवलं आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणून निघून गेले. आत्या परत आली तर टेबलावर शाळेच्या भूगोलाची जुनी प्रुफं! “इथे कुणी कचरा ठेवला?” असं म्हणत तिनं ती उचलली आणि रद्दीच्या पोत्यात टाकली. अर्ध्या तासानं रद्दीवाला पोतं घेऊन गेला.

संध्याकाळपर्यंत प्रकरणाची वाट पाहिली. दादा गावाला गेलेला. मशीनवाला दारात उभा. “बाई, फर्मा चढवायचाय. उद्या पुस्तक बांधायला गेलं नाही, तर दादा माझी सालटं काढतील.” घड्याळजींच्या दुकानाला कुलूप. मग आत्या बसली आणि चाळीस मिनिटांत तिनं शेवट लिहून काढला. दीडच पान शिल्लक होतं. वायर उपटण्याशिवाय दुसरं काय बसणार होतं त्यात?

महिन्याभरानं हार्डवेअरच्या दुकानातून तिनं पडद्याचे हुक आणले. ते ज्या कागदात बांधून आले, त्याच्या एका बाजूला नद्यांची नावं होती आणि दुसऱ्या बाजूला घड्याळजींचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. तिनं तो कागद उभ्या उभ्या वाचला आणि घडी करून छापखान्यातल्या आपल्या टेबलाच्या खणात ठेवला. तोवर पुस्तक दुकानांत गेलं होतं. घड्याळजी छापखान्यात फिरकले नव्हते. पुढेही कधी फिरकले नाहीत, की त्यांनी चोविसावी कादंबरी लिहिली नाही. दादा म्हणायचा, “आटला बिचारा.” आत्या मान खाली घालून प्रुफं वाचायची. एका माणसाची लेखणी आपण मोडली, हे तिनं दादाला सांगितलं नाही, घड्याळजींना नाही, कुणालाच नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता गोष्ट इतकी जुनी झाली, की आता सांगायचं तर आधी उशिराची माफी मागायला हवी.

आणि आता हा कालचा पोर, शहाणे, ते भाच्याला लिहून देणार होता. भाचा ते घड्याळजींना दाखवणार होता. पुस्तकावर शेवटची नजर टाकायला गुरुवारी सकाळी ते यायचेच होते.

“शहाण्या, ती नोंद गाळ.”

“गाळता येणार नाही, आत्या. मला दिसलंय ते.”

“मी सांगतेय तरी?”

“तुम्हीच मला सोमवारी म्हणालात, दिसलेली चूक गाळणारा वाचक म्हणजे दात नसलेला कंगवा.”

म्हणाली होती खरी. आपलेच दात आपलेच ओठ!

मग त्या मंगळवारी आत्यानं आयुष्यभर वाचलेली सगळी विद्या पणाला लावली. आधी तिनं वायरकडे पाहिलं. पण त्याच वायरीवर पंखा होता आणि उकडत तर होतं. शिवाय भाचा म्हणाला होता, की शहाणे त्या डबीत नसतोच, तो कुठेतरी लांब असतो. आता ज्याचं बूड कुठे आहे तेच ठाऊक नाही, त्याच्यावर बादली तरी कुठे ओतायची? मग ती कोड्याकडे वळली.

“बरं, हे सांग. मी आत्ता बोलतेय ते सगळं खोटं आहे. तर मी खरं बोलतेय की खोटं?”

आत्या धुराची वाट पाहू लागली.

“हे कोडं चौदाव्या कादंबरीत पान एक्याण्णववर आहे,” शहाणे म्हणाला. “तिथे ‘खोटं’वरचा अनुस्वार उडालाय. घालू का?”

“घाल,” आत्या म्हणाली. भांडण भांडणाच्या जागी.

शेवटी तिनं लाडीगोडीही करून पाहिली. “तू फार गुणी आहेस रे शहाण्या. माझ्यासाठी एवढं नाही का करणार?”

“तुमच्यासाठी दुसरं काहीही करेन. अहवाल गुरुवारी संध्याकाळी जायचाय, त्याआधी तो कुणाला दाखवायची घाई मला नाही. आणि नोंदीत मी ‘दुसऱ्या कुणाच्या हातची’ एवढंच लिहिलंय. कुणाच्या, ते मला माहीत नाही.”

“माहीत नाही?”

“अंदाज आहे. अंदाज मी अहवालात लिहीत नाही.”

आत्यानं बोटांवर वार मोजले. “म्हणजे घड्याळजी येईपर्यंत एक दिवस आहे म्हणायचा माझ्याकडे.”

“दीड,” शहाणे म्हणाला.

गुरुवारी घड्याळजी दहाच्या ठोक्याला आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, वाळून खारीक झालेले, पण इस्त्रीचा शर्ट आणि उजवा डोळा अजूनही जरा मिटलेला. जन्मभर त्या डोळ्याला भिंग लावून बसल्याची ती खूण. भाच्यानं त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि बाइंडरकडे जाऊन येतो म्हणून तो सटकला.

“बाई, तुम्ही अजून इथेच?” घड्याळजी म्हणाले.

“तुम्ही येईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं,” आत्या म्हणाली. म्हणायचं होतं चेष्टेत, पण आवाज भलतीकडेच गेला. मग तिनं विचार केला, आता पाण्यात पाय घातलाच आहे. “घड्याळजी, ‘टाकीखालचा राजा’चा शेवट तुमचा नाही.”

“ते मला सांगताय?” त्यांनी कप खाली ठेवला. “मला माहीत नाही होय? मी लिहिलं होतं एक आणि छापलंत तुम्ही भलतंच. दगडात चिणलेली वायर ती पोर हातानं उपटते म्हणे! भीम आहे का ती?”

“ते मी लिहिलंय.”

“तुम्ही?”

मग तिनं सगळं सांगितलं. पालथे कागद, भूगोल, रद्दीचं पोतं, मशीनवाला, चाळीस मिनिटं. मधे थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू झालीच नसती. सांगून झाल्यावर तिनं टेबलाच्या खणातून तो हुकांचा कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. घडीवर तो पार पिवळा झाला होता.

घड्याळजींनी कागदाला हात लावला नाही. “म्हणजे दादांनी माझं प्रकरण वाचलंच नव्हतं?”

“नाही. दादा गावाला होता. त्याला कधी कळलंच नाही.”

“वाचलंच नव्हतं,” ते पुन्हा म्हणाले. “मी समजत होतो, त्यांनी वाचलं, त्यांना भिकार वाटलं, आणि त्यांनी गुपचूप दुसरं घातलं. मनात म्हटलं, चांगला मित्र आहे, तोंडावर बोलवेना बिचाऱ्याला. आणि विचारायला जायचं तर माझी मान वाकेना. घरी बसून दोनदा लिहायला घेतलं. प्रत्येक वाक्याला वाटायचं, हेही त्यांना भिकारच वाटणार.”

“मी तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“हवं होतं! हवं होतं म्हणजे काय, बाई? चाळीस वर्षं!” त्यांनी हात आपटला तसा कपातला चहा बशीत सांडला. आत्यानं बशी पुसायला फडकं घेतलं. पंखा फिरत होता. थोड्या वेळानं घड्याळजींच्या खांद्यांना कसला तरी हिसका बसला. आत्याला वाटलं, रडतायत. पाहते तर म्हातारा हसत होता.

“रद्दीत! न वाचता!” ते म्हणाले. “अहो, वाचून टाकलेलं आणि न वाचता टाकलेलं यात किती फरक असतो, ठाऊक आहे का तुम्हाला? वाचून टाकलेल्यानं माणूस उठत नाही. न वाचता टाकलेलं म्हणजे काय, छत्री हरवण्यासारखं. लोक दुसरी घेतात!”

आत्याला रडू यायचं होतं, ते ऐन वेळी हसण्यात मिसळलं. “मग वाचा की ते पान. माझं पाठ आहे.”

घड्याळजींनी कागद डोळ्याशी धरला. मुलगी एकशे चाळीस पायऱ्या उतरते. पाना मांडीवर ठेवून यंत्रासमोर बसते. यंत्र म्हणतं, ‘तू येशील हे मला ठाऊक होतं, कारण’... आणि पान संपतं.

“कारण काय?” आत्यानं विचारलं.

“म्हणजे?”

“कारण काय होतं? चाळीस वर्षं मी विचार करतेय. भाजी चिरताना, प्रुफं वाचताना. ती येणार हे त्याला कसं ठाऊक होतं?”

घड्याळजींचा उजवा डोळाही उघडला. “बाई, मला काय आठवतंय?”

“आठवत नाही?”

“परवाचं आठवत नाही.”

“अहो, असं कसं? मी त्या एका शब्दापाशी अडकून म्हातारी झाले!”

म्हाताऱ्यानं तो कागद पुन्हा डोळ्याशी धरला. तेवढ्यात भाचा आला. त्याला अर्धवट काय ते कळलं, पण धंद्यातला माणूस, लगेच म्हणाला, “मग आता लिहा ना घड्याळजी. आता फर्म्याचं बंधन नाही. हवी तेवढी पानं घ्या.”

“तेच तर वांधे आहेत,” घड्याळजी पुटपुटले. पण दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ते हजर होते आणि भाच्याच्या टेबलाचा अर्धा भाग त्यांनी बळकावला होता.

चार दिवस ते येत होते. लिहीत होते, खोडत होते, चहा पीत होते आणि पंख्याला नावं ठेवत होते. तिसऱ्या दिवशी अडले, तेव्हा शहाणेकडे वळून म्हणाले, “ए, तू एवढं वाचलंयस. यंत्र आणि माणसांचं भांडण मिटतं कसं?”

“गोष्टींमध्ये?” शहाणे म्हणाला. “यंत्र बंद पाडतात, फसवतात, ते प्रेमात पडतं, निघून जातं, नाहीतर राज्य करतं.”

“पहिले चार मीच करून बसलोय. यंत्राच्या बाजूनं बोल की जरा.”

“मला टाकीखाली राहायची सवय नाही. पण आत्या चाळीस वर्षं त्याच पायरीवर बसल्यात. त्यांना विचारा.”

“मी मुळीच सांगणार नाही,” आत्या म्हणाली. “एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं.”

सोमवारी दुपारी घड्याळजींनी अकरा पानं तिच्या टेबलावर ठेवली. सुलटी. आत्यानं चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. तिच्या मनात त्या ‘कारण’पुढे एव्हाना किती सुंदर गोष्टी येऊन गेल्या होत्या! यंत्राला एकटं वाटत होतं, मुलीच्या बापाची ओळख होती, मुलगी धीट होती.

पण घड्याळजींनी लिहिलं होतं: ‘तू येशील हे मला ठाऊक होतं, कारण वरच्या मोठ्या माणसांना पायऱ्या उतरायचा कंटाळा आहे. ते नेहमी तुम्हालाच पाठवतात.’

मुलगी म्हणते, ‘मग तू पाणी का तोडलंस?’

यंत्र म्हणतं, ‘मी? मला हुकूम आला. त्याच माणसांचा. मला वाटलं, तुम्हाला सांगितलं असेल.’

पुढे मुलगी पाना बाजूला ठेवते. दोघं मिळून वर निरोप धाडतात, की पाण्याची चावी फिरवायची आहे आणि ती फिरवायला हुकमावर सही करणारी माणसं जातीनं खाली लागतात. मग एकशे चाळीस पायऱ्या उतरत, धापा टाकत, घाम पुसत ती मोठी माणसं एकामागून एक खाली येतात. अकरावं पान तिथे संपतं. कुणी मरत नाही, कुणी ताऱ्यांकडे जात नाही. शेवटून दुसरा माणूस म्हणतो, ‘इथे बसायला काही आहे का?’

आत्या इतकी हसली, की भाचा आतल्या खोलीतून धावत आला. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आता पेन्सिल घेऊन. सातव्या पानावर तिचा हात थांबला. मुलगी यंत्राला जे म्हणते, ते आत्याला जरा कोरडं वाटलं. तिथे एक वाक्य घालावं, असं फार मनात आलं. अगदी छोटं. पेन्सिल कागदाला टेकलीही.

“काय झालं?” घड्याळजींनी मान वर करून विचारलं.

“काही नाही. इथे स्वल्पविराम हवाय. घालू का?”

घड्याळजींनी कागद ओढून घेतला, डोळा बारीक केला आणि पुरता मिनिटभर त्या ओळीकडे बघत राहिले.

“घाला,” ते म्हणाले. “पण तेवढाच.”

“तेवढाच,” आत्या म्हणाली आणि तिनं तो घातला.

“आणि हे बघा बाई, एक पात्र आहे डोक्यात. एक म्हातारी असते, ती प्रुफं वाचते...”

“आधी याची दुरुस्ती होऊ दे,” आत्या म्हणाली, आणि तिनं आठवं पान पुढे ओढलं.